पाचव्या शर्यतीचा पक्का घोडा

रविवारच्या शर्यतींचं भाकीत लिहिताना खात्रीरावांनी पाचव्या शर्यतीपुढे ‘माहीत नाही’ असं लिहिलं. त्यात गंभीर असं काही नव्हतं. ते खरं होतं, एवढाच काय तो दोष.

खात्रीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ‘खात्रीचे घोडे’ हे सदर ते इतकी वर्षं चालवत होते, की खरं नाव आता विजेच्या बिलावरच उरलं होतं. सदराची ख्याती अशी, की त्यातलं एकही भाकीत आजवर चुकलेलं नव्हतं. याचं श्रेय घोड्यांना नव्हे, ‘तर’ या अव्ययाला जात होतं. ‘राणीचा रुसवा ही घोडी सरावात छान पळाली; गर्दीला बिचकली नाही, तर जिंकेल.’ ‘शब्दाचा पक्का मागच्या वेळी फाटकातून बाहेरच आला नाही, या वेळी आला, तर इतरांना जड जाईल.’ घोडी हरली की ती बिचकली होती, हे उघडच असायचं. जिंकली की खात्रीराव जिंकायचे. वाचक पैसे घालवून घरी यायचे, सदर पुन्हा वाचायचे, त्यातला ‘तर’ आता कुठे डोळ्यांत भरायचा, आणि चूक आपलीच होती या समाधानात पुढच्या रविवारची वाट बघायचे.

त्या शनिवारी मात्र पाचव्या शर्यतीपाशी त्यांचं घोडं अडलं. शर्यत आयुष्यात एकदाही न जिंकलेल्या घोड्यांसाठी होती. सकाळी सरावाला जाऊन खात्रीरावांनी सगळ्यांना पाहिलं होतं. सगळे सारख्याच बेताने पळत होते, जणू कुणी पुढे गेलं तर ते इतरांना बरं दिसणार नाही. त्यातले निम्मे ज्याच्या हाताखाली होते, त्या ट्रेनरला त्यांनी बाजूला घेऊन विचारलं. ट्रेनर म्हणाला की यातल्या एकाही घोड्यावर आपण दमडी लावणार नाही, आणि हे छापू नका, मालक वाचतात.

तरीही एखादा ‘तर’ सापडला असता. पण दुपारी चहाच्या वेळी बायकोने विचारलं, की दिवाणखान्यातला पंखा दुरुस्त करायचा की नवाच आणायचा. खात्रीराव म्हणाले, “माहीत नाही.”

“पेपरात तुम्हाला घोड्याच्या पोटातलं कळतं,” चहा गाळता गाळता ती म्हणाली, “आणि घरातलं काही विचारलं की माहीत नाही.”

ती रागावलेली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. ऑफिसात पोचेपर्यंत ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं, दिवाणखान्यातल्या पंख्यापेक्षा बऱ्या वेगाने. मग पाचव्या शर्यतीपुढे त्यांनी ते दोन शब्द लिहिले, हलकं वाटून घेतलं आणि घरी गेले.

पानं लावणारी उपसंपादक नवी होती, हुशार होती आणि घाईत होती. घोड्यांना वाटेल ती नावं असतात, एवढं तिला कळलं होतं. याच पानावर ‘उसना रुबाब’ होता, ‘सावकाश घरी या’ होता, तिथे ‘माहीत नाही’ हे नाव फार साधं, किंबहुना घरंदाज वाटलं. तिने त्याला अवतरणचिन्हं लावली. पानाच्या माथ्यावर ठळक चौकट असायची, ‘आजचा पक्का घोडा’. त्यात कुणाला टाकायचं हे लेखकाने कळवलं नव्हतं. तिने सगळं भाकीत पुन्हा वाचलं आणि शास्त्रशुद्ध निर्णय घेतला. बाकी प्रत्येक घोड्यापुढे एक तरी ‘तर’ होता. विनाअट असा एकच होता.

सकाळी ठळक चौकटीत छापून आलं : ‘आजचा पक्का घोडा – माहीत नाही’.

खात्रीरावांच्या हातात पेपर पडायच्या आधी त्यांचा मेहुणा दारात उभा होता. मेहुणा तसा समंजस माणूस. रविवार सोडला, तर त्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती.

“भाऊजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही ‘तर’ लावला नाहीत,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “म्हणजे आतली बातमी आहे.”

खात्रीरावांनी त्याला समोर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. असा घोडा नाही. मला माहीत नव्हतं, म्हणून मी माहीत नाही असं लिहिलं. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं, उठताना त्यांचा हात दाबला आणि आपणही कुणापाशी बोलणार नाही असा शब्द दिला. दुपारपर्यंत ही न बोललेली गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

रेसकोर्सवर त्या दिवशी तिकिटांच्या खिडक्यांपुढे एकच नाव ऐकू येत होतं. खिडकीतल्या कारकुनाने सुरुवातीला कर्तव्यबुद्धीने सांगितलं, की असा घोडा शर्यतीत नाही. हे सांगणं अंगाशी आलं. रांगेतल्या लोकांना लगेच कळून चुकलं, की वरच्या लोकांनी सगळी तिकिटं आधीच उचलली आहेत. कुणीतरी म्हणालं, कालपर्यंत होता तो घोडा, मी स्वतः पाहिलाय. दुसऱ्याने रंग सांगितला. तिसऱ्याने रंगाबद्दल वाद घातला. पण घोड्याबद्दल त्याचंही दुमत नव्हतं. खिडकीची काच फुटली तेव्हा कारकुनाने क्लबच्या सचिवांना बोलावणं पाठवलं.

सचिव मोठे अनुभवी गृहस्थ होते. ‘नाही’ हा शब्द त्यांनी नोकरीला लागल्यापासून वापरला नव्हता, आणि ‘हो’ म्हटल्याचा पुरावाही कुठे सापडत नसे. त्यांनी गर्दी पाहिली, काच पाहिली आणि ध्वनिक्षेपकावरून निवेदन केलं : “‘माहीत नाही’ या घोड्यासंदर्भात संबंधित विभागाकडून माहिती मागवण्यात आली आहे. ती प्राप्त होईपर्यंत तिकीटविक्री तात्पुरत्या स्वरूपात सुरू ठेवण्यात येत आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्यत सुरू व्हायच्या वेळेला, धावणाऱ्या सगळ्या घोड्यांवर मिळून जेवढे पैसे लागले होते, त्याहून जास्त न धावणाऱ्या एकावर लागले होते.

शर्यत ‘थंड डोकं’ नावाच्या घोड्याने जिंकली. त्याच्यावर कुणीच तिकीट काढलं नसल्यामुळे त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. तो आपला विजयी होऊन तबेल्यात निघून गेला. इकडे गर्दीचे दोन तट पडले होते. एक म्हणत होता, जो जिंकेल असं कुणालाच माहीत नव्हतं तोच जिंकला, म्हणजे ‘माहीत नाही’च जिंकला, आमचे पैसे द्या. दुसरा तट जास्त संतापलेला होता. त्याचं म्हणणं, आमचा घोडा मुद्दाम तबेल्यात कोंडून ठेवला, कारण तो सुटता तर बाकीच्यांची अब्रू गेली असती. दोन्ही तट खिडकीकडे सरकू लागले, तसे सचिव पुन्हा ध्वनिक्षेपकापाशी गेले.

“अपरिहार्य कारणास्तव सदर घोडा आज धावू शकला नाही. तो पुढील रविवारी धावेल. आजची तिकिटे ग्राह्य राहतील.”

लोक तिकिटं जपून खिशात ठेवून घरी गेले. क्लबपुढे मात्र एक बारीकशी अडचण उरली. घोडा आणायचा कुठून?

आधी चौकशी समिती नेमली गेली, कारण घोडा शोधण्यापेक्षा ती लवकर मिळते. समितीत दोन निवृत्त अधिकारी होते आणि तिसरे निवृत्तीला आलेले होते. त्यांनी खात्रीरावांना बोलावून अतिशय सौजन्याने खुर्ची दिली.

“तुम्हाला माहीत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“होतं.”

“मग तुम्ही वरिष्ठांना कळवलं का?”

“तेच तर लिहिलं मी.”

अध्यक्षांनी इतर दोघांकडे पाहिलं. निवृत्तीला आलेल्यांनी मान हलवली. समितीचा निष्कर्ष त्याच संध्याकाळी आला. भाकीतकाराच्या पदावरील व्यक्तीस माहीत नसणे हे पदाच्या व्याख्येशी विसंगत असल्याने, त्यांना माहीत होते असे धरून चालावे; आणि त्यांना माहीत असल्यामुळे, असा घोडा अस्तित्वात आहे असेही धरून चालावे. तो क्लबच्या आवारातच असावा, बाहेरचा घोडा आणण्यासाठी चालू वर्षात तरतूद नाही.

क्लबच्या आवारात शर्यतीचे घोडे होते, पण ते मालकांचे होते. क्लबचा स्वतःचा घोडा एकच, पाणीगाडीचा. धावपट्टीवर धूळ उडू नये म्हणून रोज तो गाडी ओढत गोल फिरायचा. अंगाने भक्कम, स्वभावाने गरीब, वयाने सगळ्या तबेल्याचा आजोबा. त्याला नावही नव्हतं. मोतद्दार त्याला ‘अरे’ म्हणायचा आणि तो ओ दिल्यासारखा कान हलवायचा. ‘थंड डोकं’ जिंकल्यामुळे न जिंकलेल्यांच्या शर्यतीत एक जागा रिकामी झाली होती. त्या रिक्त जागेवर पाणीगाडीच्या घोड्याची ‘माहीत नाही’ या नावाने हंगामी नेमणूक करण्यात आली. डॉक्टरांनी त्याला तपासून चार पाय असल्याचा दाखला दिला. आईबापांच्या रकान्यात काय लिहायचं असा प्रश्न आला, तेव्हा मोतद्दाराने जे खरं ते सांगितलं आणि तिथेही ‘माहीत नाही’च लिहिलं गेलं. त्यामुळे घराणं फारच शुद्ध दिसू लागलं.

ही बातमी कळल्यावर खात्रीरावांना पहिल्यांदा भीती वाटली. पेपरासाठी नव्हे, त्या घोड्यासाठी. सकाळच्या सरावाला ते नेहमी त्याच्याच पाणीगाडीला टेकून उभे राहायचे. इतर घोडे नाकपुड्या फेंदारून, डोळे पांढरे करून पळायचे, आणि हा गाडी ओढून आला की त्यांच्या खांद्याशी तोंड आणून नुसता उभा राहायचा. या वयात त्याला फाटकात कोंबतील, चाबूक ओढतील, हे त्यांना सहन होईना. त्या आठवड्यात त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं असं भाकीत लिहिलं. ‘हा घोडा पाणीगाडी ओढतो. तो म्हातारा आहे. तो जिंकणार नाही. त्याच्यावर कुणीही पैसे लावू नयेत.’ एकही ‘तर’ नाही.

संपादकांनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्चीत बसले.

“हे असंच छापायचं?”

“असंच. एक शब्दही बदलू नका.”

“तुम्ही एवढं म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही,” संपादक आदराने म्हणाले. शब्द एकही बदलला नाही; वर फक्त मथळा दिला. ‘खात्रीरावांचा सूचक इशारा’.

रविवारी सकाळी मेहुणा येऊन त्यांच्या पायाच पडला. म्हणाला, काय लिहिलंत भाऊजी, समोरच्याला पत्ताच लागणार नाही. शहाण्या लोकांनी अर्थ लावला होता, की बाकीच्यांना दूर ठेवून खात्रीरावांना स्वतःसाठी भाव वाढवायचा आहे. अतिशहाण्यांनी असा लावला, की शहाण्यांना फसवायला लिहिलंय, म्हणजे तो खरंच हरणार. पण आपण असं समजावं हाच मूळ डाव असल्यामुळे तो जिंकणार. साध्या लोकांनी काहीच अर्थ लावला नाही, त्यांनी नाव ओळखीचं दिसलं म्हणून तिकीट घेतलं. खात्रीराव खिडक्यांपाशी जाऊन एकेकाला हात जोडून सांगत होते, की नका लावू. लोक त्यांच्याकडे पाहून डोळा मारत होते.

घोडे गोल फिरवायच्या आवारात त्यांनी जॉकीला गाठलं. जॉकीही उतरत्या वयाचा होता. कुणी धड घोडा देईना म्हणून त्याला हा मिळाला होता. याला मारू नका, एवढंच खात्रीराव म्हणाले. जॉकीने घोड्याच्या मानेवर थोपटलं. “मारून काय करू, साहेब? त्याला वाटेल गाडीतलं पाणी संपलं.”

फाटकं उघडली. बाकीचे घोडे धुळीत दिसेनासे झाले. ‘माहीत नाही’ बाहेर आला, त्याने मागे वळून गाडी कुठे आहे ते पाहिलं, नाही म्हटल्यावर जरा विचार केला, आणि रोजच्या चालीने निघाला. पाणी सोडायला जिथे जिथे थांबायचं, तिथे तिथे थांबला. पाणी पडून होईल एवढा वेळ उभा राहिला. मग पुढे निघाला. बाकीच्यांची शर्यत संपली, त्यांचं अंग पुसून झालं, त्यांना चारा घातला गेला, तेव्हा हा समोरच्या वळणावर शांतपणे उभा होता.

खात्रीरावांना वाटलं, आता तरी लोक उठतील. त्यांना चीड येईल, शिव्या देतील, आपल्यालाही चार देतील, पण प्रकरण मिटेल. लोक उठले खरे. नीट बघता यावं म्हणून उठले.

“घाम बघा, एक थेंब नाही,” मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला. “बाकीचे मेले पळून पळून.”

“घाई कोण करतं? ज्याला भरवसा नाही तो.”

“जिंकले म्हणे ते. आधी पोचले, एवढंच.”

उन्हं उतरली तशी आरोळी वाढत गेली. ‘माहीत नाही’ शेवटच्या सरळ पट्ट्यात आला. शर्यत जिथे संपते तो खांब हाकेच्या अंतरावर राहिला. सगळी गर्दी श्वास रोखून उभी असताना तो डावीकडे वळला आणि आवारातल्या नळाकडे गेला, कारण रोज फेरी झाली की गाडी भरायला तो तिथेच जायचा. खांब त्याच्या कामाच्या वाटेत कधीच आला नव्हता. जॉकी उतरला आणि स्वतःही पाणी प्यायला.

पंचांनी नियम काढून पाहिले. घोड्याने शर्यत पुरी केली नव्हती. तो पडला नव्हता, जखमी नव्हता, कुणी त्याला माघारी घेतलं नव्हतं. तो फक्त पाणी पीत होता. सचिवांना ध्वनिक्षेपकापर्यंत जायची आता सवय झाली होती.

“सदर घोडा अद्याप शर्यतीत असल्याने पाचवी शर्यत सुरू आहे. निकाल यथावकाश जाहीर करण्यात येईल. सर्व तिकिटे ग्राह्य राहतील.”

क्लबच्या इतिहासात एवढी समाधानी गर्दी कधी घरी गेली नसेल. कुणीच हरलं नव्हतं.

तेव्हापासून पाचवी शर्यत चालूच आहे. सकाळ झाली की ‘माहीत नाही’ला पाणीगाडी जोडतात, कारण धूळ कुणालाच चुकली नाही, तो फेरी मारतो आणि नळाकडे वळतो. कठड्यापाशी लोक उभे असतात. ऑफिसला जाताना डोकावतात, पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. ‘काल खांबाकडे बघत होता,’ असं एक जण सांगतो आणि बाकीच्यांचा दिवस बरा जातो. तिकिटांना चांगला भाव आला आहे. ती लग्नात देतात. बाकीच्या शर्यती अजून होतात. पण त्यांत कुणीतरी जिंकतं आणि बरेच हरतात, हे लोकांना आता जुनाट वाटू लागलं आहे.

क्लबने खात्रीरावांचा सत्कार ठेवला. त्यांनी ही संधी साधायची ठरवलं. भाषणाला उभे राहून ते सरळ म्हणाले, की मला तेव्हा काही माहीत नव्हतं, आजही माहीत नाही, आणि तो घोडा त्या खांबापर्यंत कधीही जाणार नाही. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अध्यक्ष म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण किती ती नम्रता. दुसऱ्या दिवशी पेपराने त्यांचा पगार वाढवला आणि सदराचं नाव बदललं. आता ते फक्त एकाच घोड्याबद्दल लिहितात.

घरी आल्यावर त्यांनी शाल खुर्चीवर टाकली आणि बायकोसमोर बसले. एवढ्या लोकांत एका तिच्यासमोर तरी नीट बोलता येईल, असं त्यांना वाटत होतं.

“तुला तरी पटतं ना,” ते म्हणाले, “की मला काही माहीत नाही?”

“मला नाही तर कुणाला पटणार? तुमच्याशी संसार केलाय,” ती म्हणाली. थोडा वेळ ती शालीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “एक तिकीट मात्र मी घेऊन ठेवलंय. न जाणो.”

दुसऱ्या दिवशी खात्रीराव नेहमीप्रमाणे मैदानावर गेले, पण टेकायला पाणीगाडीपाशी न जाता थेट खांबाजवळ जाऊन उभे राहिले. घोडा सरळ पट्ट्यात आला. त्याने क्षणभर पाऊल थांबवलं. खात्रीरावांनी पाहिलं, की आपले दोन्ही हात कठड्यावर घट्ट आवळले आहेत आणि आपण पुटपुटतोय, “ये. ये रे.” घोड्याने कान हलवला आणि नळाकडे वळला. परतताना खात्रीरावांनी खिडकीपाशी जाऊन आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि एक तिकीट काढलं.

माणसं किती भोळी असतात, असं वाचकांच्या मनात आलं असेलच. सुशिक्षित वाचक अशा गोष्टींना भुलत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणून येत्या रविवारच्या सहाव्या शर्यतीत हमखास जिंकणाऱ्या घोड्याचं नाव, जे ट्रेनरने खुद्द मेहुण्याच्या कानात सांगितलं आहे, ते आम्ही अगदी खालच्या ओळीत देऊन ठेवतो आहोत. ज्यांना भुलायचं नसेल त्यांनी ती ओळ वाचू नये.

आलात?